आधी पंखा होऊ दे

यंत्र बिघडलं की आवाज करतं. माणूस बिघडला की गोड बोलायला लागतो. हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं, म्हणजे अक्कल यायला जरा उशीरच झाला. माझी बायको तुळसा म्हणते, "तुमची अक्कल साचेखात्यातच रवली. गिरणी पाडली तेव्हा विटांवांगडा गेली असतली."

मी लहू मेस्त्री. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणणारे माग चालतात तिथे, फिटर होतो. ब्याऐंशीचा संप झाला, नोकरी गेली, तेव्हापासून घोडपदेवला आमच्याच चाळीच्या जिन्याखाली बसून दुरुस्तीची कामं करतो. टेबलफॅन, मिक्सर, शिलाई मशीन. जे फिरतं ते मला समजतं. जे फिरत नाही त्याच्या वाटेला मी जात नाही. कॉम्प्युटरच्या वाटेलाही कधी गेलो नव्हतो, कारण त्याच्या पोटात काही फिरतं हे मला माहीत नव्हतं.

ते कळलं दोन हजार सात साली, एका शनिवारी दुपारी. मी एका मिक्सरचं भांडं उलटं करून बसलो होतो. समोर बुधाजी येऊन उभा राहिला.

"लहू, हापिसातलो कॉम्प्युटर लय आवाज करता म्हणतत. माका काय आयकाक येना नाय. तू बघ जरा."

मी भांडं खाली ठेवलं, मान वर केली, तोंड उजेडात आणलं आणि मग बोललो. बुधाजीशी असंच बोलावं लागतं. तो साचेवाला. बावीस वर्षं त्याने साच्यांच्या खडखडाटात काढली आणि दोन्ही कान तिथेच ठेवून आला. माझा डावा कान गेला, उजवा शाबूत राहिला. मुलाने त्याला कानाचं मशीन आणून दिलं होतं, ते टेबलाच्या खणात पडून असतं. समोरच्याचे ओठ दिसले की त्याला सगळं समजतं, दिसले नाहीत की काहीच नाही. त्यामुळे पंचवीस-तीस वर्षं मी त्याच्याशी कायम समोर तोंड करून बोलत आलो. तुळसा चिडवायची की लग्नाच्या बायकोकडे एवढं बघून बोलला असतात तर दोन शब्द जास्त झाले असते.

"मी कधी कॉम्प्युटर उघडूक नाय," मी म्हटलं.

"आत पंखो असा. पंखो म्हटल्यार तुझा काम. पद्मजा म्हणता, पंखो गप झालो नाय तर ती बसूची नाय. आणि ती बसली नाय तर यादी टाइप होवची नाय. उद्या सकाळी बिल्डरचो माणूस यादी नेवक येतलो."

यादी म्हणजे आमच्या चाळीतल्या भाडेकरूंची यादी. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहणार होता. यादीत ज्याचं नाव, त्याला नवी खोली. बुधाजी त्या कमिटीचा सचिव. शामराव अध्यक्ष. पद्मजा ही दुसऱ्या मजल्यावरच्या मंजुळाची मुलगी, कॉमर्सला होती आणि फावल्या वेळात कमिटीचं टायपिंग करायची.

नव्या खोलीचं मला स्वतःला फार काही नव्हतं. मला जिन्याखालची जागा पुरे होती. पण तुळसाचे गुडघे गेले होते. आमची खोली तेवीस नंबरची, दुसऱ्या मजल्याच्या एका टोकाला, आणि संडास दुसऱ्या टोकाला. पहाटे ती भिंतीला हात लावत लावत जायची, मध्ये दोनदा थांबायची. नव्या घरात संडास घरात असणार हे कळल्यापासून तिने दुसरं बोलणंच सोडलं होतं. बिल्डरने वाटलेल्या नकाशातली ती चौकोनी जागा तिने पेनाने गोल करून ठेवली होती आणि नकाशा देवाच्या फोटोमागे खोचला होता.

आता तेवीस नंबरची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. ती खोली मुळात गाळा होता. गाळा म्हणजे एकाच गावचे सडेफटिंग गडी मिळून घेतात ती खोली. आम्ही पाच जण होतो. पाच पेट्या, पाच खुंट्या, पाळी बदलेल तशी झोपायची पाळी. भाडेपावती कुणा एकाच्याच नावावर असायची, कारण पाच नावं लिहायला मालकाच्या पावतीवर जागा नव्हती आणि आमच्यातल्या कुणाच्या मनात ते कधी आलंही नाही. ज्या दिवशी खोली घेतली त्या दिवशी बुधाजीची सुट्टी होती, तो गेला, पावतीवर त्याचं नाव लागलं. माझी सुट्टी असती तर माझं लागलं असतं. इतकी ती साधी गोष्ट.

संपात तिघे गावाला गेले ते परत आले नाहीत. बुधाजीचं लग्न झालं आणि त्याला सासऱ्यांची एकतीस नंबरची खोली मिळाली. मी तुळसाला गावाहून आणलं आणि तेवीसमध्ये संसार मांडला. तेव्हापासून भाडं मी भरतो, पावती बुधाजीच्या नावाने फाटते. पावती बदलून घे, असं तुळसा वर्षातून एकदा शिमग्याच्या सुमाराला म्हणायची. मी म्हणायचो, बुधाजी काय परका आहे? आणि बुधाजीही म्हणायचा, "खोली तुझी हा. पावतेचा काय घेवन बसलंस?" कमिटी झाली तेव्हा तो मुद्दाम घरी आला आणि तुळसाच्या हातचा चहा पिऊन म्हणाला, "वैनी, यादीत लहूचा नाव मी घालतंय. तुम्ही निवांत रवा." तुळसाने त्याला आणखी अर्धा कप दिला.

तर मी पेचकस, ब्रश, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा पिशवीत टाकला आणि ऑफिसात गेलो.

ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची आमची जुनी व्यायामशाळा. मुद्गल आणि डबलबार कधीच भंगारात गेले. आरसा तेवढा राहिला, भिंतभर, कारण तो भिंतीलाच चिकटवलेला होता आणि काढायला गेलं तर फुटला असता. त्या आरशासमोर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि टेबलामागे कपाळाला अमृतांजन लावून बसलेली पद्मजा.

आवाज खरंच वाईट होता. सुरुवातीला घरघर, मग मध्येच कडाडकन काहीतरी घासायचं आणि पुन्हा घरघर. आदल्या दिवशी बुधाजीने याच आवाजात सगळ्यांना यादी वाचून दाखवली होती. लोक दाटीवाटीने उभे होते, बुधाजी भराभर वाचत होता, कुणाला धड काही ऐकू येत नव्हतं, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. मी शेवटच्या रांगेत होतो. मला 'तेवीस' एवढं ऐकू आलं. मीही मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

पद्मजाने मला झाकण कसं काढायचं ते दाखवलं. आत बघितलं तर ओळखीचीच घाण. साचेखात्यात रुईचा फुफाटा जसा प्रत्येक चाकावर बसायचा, तशी धुळीची करडी लोकर पात्यांवर बसली होती. वरून गणपतीच्या दहा दिवसांची उदबत्तीची राख आणि कापराची काजळी. दोन पंखे होते, एक मागे मोठा, एक मध्ये लहान.

"काका, बंद करू?"

"नको. रोग्याला झोपवलं तर नाडी कशी लागणार? तू बाहेर जाऊन चहा पिऊन ये."

ती गेली. मी आरशाकडे तोंड करून टेबलाशी बसलो, पेचकसाचं टोक मोठ्या पंख्याच्या चौकटीला टेकवलं आणि मूठ उजव्या कानामागच्या हाडाला लावली. गिरणीत बेअरिंग असंच ऐकायचो. आजूबाजूला शेकडो साचे चालू असले तरी पेचकसातून फक्त त्या एकाच बेअरिंगचं रडगाणं कानात येतं. मोठा पंखा ठीक होता. लहान्याला टेकवलं आणि लगेच समजलं. बेअरिंग कोरडं पडलं होतं आणि एक स्क्रू ढिला असल्याने चौकट पत्र्यावर आपटत होती.

आणखी एकदा ऐकावं म्हणून मी तसाच बसून राहिलो. नजर सहज समोर गेली. आरशात माझ्या मागचं दार दिसत होतं आणि दारापाशी बुधाजी आणि शामराव उभे होते.

दोघे बोलत होते. आवाज न काढता.

हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. साचेखात्यात बोललेलं स्वतःचं स्वतःला ऐकू जायचं नाही. म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलायचे. तोंड मोठं उघडायचं, शब्द तोडून तोडून ओठांवर मांडायचा, घशातून आवाज काढायचाच नाही. चार रांगा पलीकडच्या माणसाशी लोक बायकोचं भांडण आणि पोरांचे निकाल बोलायचे. जॉबरची, म्हणजे खात्यातल्या मुकादमाची, पाठ फिरली की त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे. नव्या माणसाला शिकायला सहा महिने लागत. मी विणकर नव्हतो, फिटर होतो, पण सगळ्या खात्यात फिरायचो, त्यामुळे मला ती बोली कुणाहीपेक्षा जास्त येत होती.

बुधाजीला वाटलं असणार, लहूची पाठ आहे आपल्याकडे. जॉबरची पाठ असायची तशी. आरसा त्याच्या लक्षातच आला नाही. व्यायाम करायला तो कधी तिथे फिरकला नव्हता, आणि ऑफिस झाल्यापासून रोज बघून बघून आरसा त्याच्यासाठी भिंतच झाला होता.

शामराव विचारत होता, "तेवीसचं काय केलंस?"

बुधाजी म्हणाला, "उत्तमच्या नावावर."

उत्तम म्हणजे बुधाजीचा मुलगा. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून गणपती बघायला यायचा तो.

"आणि लहू?"

"पावती माझी. काय करणार तो?"

शामरावने मागे वळून बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं. मग तो म्हणाला, "त्याला कळलं तर?"

बुधाजीने माझ्या पाठीकडे एकदा बघून घेतलं. आरशात त्याची नजर मला दिसली. "यादी जाऊ दे. मग सांगू," तो म्हणाला. "आधी पंखा होऊ दे."

मी पेचकस कानाला तसाच धरून बसलो होतो. पंख्याची घरघर हाडातून डोक्यात शिरत होती. पहिल्यांदा मला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. म्हातारे झालो, डोळे गेले. पण साचेखात्यात 'उत्तम' म्हणताना 'म'ला ओठ मिटतात ते मी हजारदा पाहिलेलं होतं, आणि 'लहू' म्हणताना ते पुढे येतात तेही. त्या माणसाच्या तोंडून माझं नाव मी आवाजापेक्षा ओठांवरच जास्त वेळा ऐकलेलं आहे.

मला रडायला आलं. सांगायला लाज कसली? खोली गेली म्हणून नाही, निदान त्या घटकेला तरी नाही. पावती त्याने काढून घेतली असती, भांडून, कोर्टात जाऊन, तरी मी समजलो असतो. पोराचं लग्न ठरलंय, जागा नाही, माणूस लबाडी करतो. पण माझ्याकडूनच पंखा करून घ्यायचा, त्या पंख्याच्या जिवावर पद्मजा बसणार, ती यादी टाइप करणार, आणि त्या यादीतून मी जाणार. कसायानं बकऱ्याकडूनच सुरीला धार लावून घ्यावी, तसं झालं ते.

आणि एक गोष्ट होती, जी चाळीत फक्त मला आणि बुधाजीला माहीत होती. संपाच्या दुसऱ्या वर्षी काही खाती अर्धवट चालू झाली. पोलिसांच्या गाडीतून माणसं आत न्यायची, आतच जेवायला-झोपायला ठेवायची. जो आत गेला त्याच्याशी चाळीत कुणी बोलत नसे, नळावर त्याच्या बायकोची बादली सरकवून देत. एका सकाळी बुधाजी गेटच्या पलीकडे दिसला. जाळीतून त्याने ओठांनी मला सांगितलं, "सांगू नको." मी सांगितलं नाही. उलट विचारेल त्याला सांगितलं, बुधाजी गावाला गेला, आईला बरं नाही. एकोणीस दिवसांनी तो परत आला तेव्हा स्टेशनवरून आल्यासारखं दिसावं म्हणून मीच त्याच्या हातात फणसांची गोणी दिली. ते फणस मी भायखळ्याच्या बाजारातून आणले होते. सगळ्या चाळीने गरे खाल्ले. पुढे गिरणीने त्याला पुन्हा घेतलं, मला घेतलं नाही. त्याबद्दलही मी कधी अवाक्षर काढलं नाही.

मी उठलो असतो तर तिथेच भांडण झालं असतं. त्या घरघरीत, आदल्या दिवशीसारखंच, कुणाला काही ऐकू गेलं नसतं आणि सगळ्यांनी मान डोलावली असती. म्हणून मी उठलो नाही. दुसरं एक कारण होतं, तेही खरं सांगतो. हातात घेतलेलं काम अर्ध्यावर सोडायची मला सवय नाही. काय घडलंय ते हातांना कळत नव्हतं, त्यांना समोर पंखा दिसत होता.

मी बटण बंद केलं, वायर काढली. ब्रशने पाती साफ केली, एक एक. पंखा सोडवून घेतला. त्याच्या पोटावर गोल कागद चिकटवलेला असतो, तो नखाने अलगद उचलला. खाली बेअरिंगचं तोंड. त्यात तेलाचा एकच थेंब सोडला आणि बोटाने पातं फिरवत राहिलो, तेल आत मुरेपर्यंत. जास्त तेल घालणारा कारागीर अडाणी. मग कागद पुन्हा दाबून बसवला. ट्यूबच्या तुकड्यातून कात्रीने चार बारीक चकत्या कापल्या आणि पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये चारही स्क्रूंखाली घातल्या, म्हणजे पुन्हा आपटायला नको.

तोवर पाच वाजले होते. पद्मजा आली होती. संमतीच्या कागदांवर सह्या करायला माणसं जमायला लागली, दहा-बारा तरी असतील. मंजुळा होती. शामराव खुर्चीवर बसला होता. बुधाजी दारापाशी उभा राहून प्रत्येकाला या, बसा करत होता.

पद्मजाने बटण दाबलं. लहान पंखा एकदा थरथरला आणि फिरायला लागला. काहीच ऐकू आलं नाही. सगळे गप्प झाले, कारण इतके दिवस त्या खोलीत ओरडून बोलायची सवय लागली होती आणि आता ओरडायचं कारण उरलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं हे मला त्या दिवशी कळलं. एकट्या बुधाजीला काही फरक पडला नव्हता.

"झालो?" त्याने विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. झाकण लावायचं राहिलं होतं. मी टेबलावर वाकलो, मान खाली घातली, आरशातही तोंड दिसू नये इतकी खाली, आणि पहिला स्क्रू पिळायला लागलो.

"पद्मजा," मी म्हटलं, "यादीत तेवीस नंबरला कुणाचं नाव आहे ते वाच बाळ."

पद्मजा पडद्याच्या आड होती. बुधाजीने टाइप करायला दिलेल्या कागदावर तिने शोधलं आणि वाचलं, "तेवीस. उत्तम बुधाजी राऊळ."

"उत्तम कसा?" बुधाजीकडे पाठ करून उभी असलेली मंजुळा म्हणाली. "तेवीसात लहूभाऊजी राहतात ना?"

"राहतात," मी म्हटलं आणि दुसरा स्क्रू घेतला. "संपाच्या आधीपासून राहतात, भाडंही एकटे भरतात. पावती एका दोस्ताच्या नावावर होती. गाळ्याची पावती, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे कशी असते ती. दोस्ताने घरी येऊन माझ्या बायकोला सांगितलं की यादीत लहूचं नाव घालतो. आणि तासाभरापूर्वी याच दारात उभं राहून अध्यक्षांना सांगितलं की लहूला आत्ता कळू देऊ नका. मी वाचलं. ओठांवरून वाचलं. शामराव, खोटं असेल तर सांग."

शामराव खाली बघायला लागला. खोलीतली सगळी तोंडं बुधाजीकडे वळली.

आता बुधाजीला कळलं की काहीतरी बोललं गेलं आहे. "काय?" तो म्हणाला. "काय म्हणता तो?"

कुणी त्याला सांगेना.

"लहू, हय बघ. माझ्याकडे बघून बोल."

मी तिसरा स्क्रू पिळत होतो. एवढ्या वर्षांत त्याच्याकडे पाठ करून मी पहिल्यांदा बोललो होतो, आणि मान वर करायची मला इतकी सवय होती की ती खाली ठेवायला जोर लावावा लागत होता.

बुधाजी दोन पावलं पुढे आला. लोकांच्या तोंडांकडे बघत होता. मंजुळाच्या डोळ्यांत तिरस्कार होता, तो कुणालाही वाचता आला असता. त्याचा चेहरा बदलला. आणि मग तो ओरडला, बहिरा माणूस ओरडतो तसा, आपला आवाज किती मोठा आहे हे न कळून.

"सांगितलंस ना? मेल्या, इतकी वर्सा गप रवलंस आणि आज सांगितलंस? एकोणीस दिवस! एकोणीसच दिवस गेललंय मी आत! उत्तम पोटात होतो, घरात तांदूळ नाय, काय करूचा होता मी? पोलिसांच्या गाडीत माका हौस होती बसूची?"

माझ्या हातातला चौथा स्क्रू खाली पडला आणि टेबलाखाली गेला.

शामराव खुर्चीवरून उठला. तो संपात शेवटपर्यंत उभा राहिलेला माणूस. बायकोचं मंगळसूत्र गेलं, धाकटा भाऊ मुंबई सोडून गेला तो कुठे गेला ते आजवर कळलं नाही. तो बुधाजीच्या समोर जाऊन उभा राहिला, तोंड उजेडात करून, आणि स्पष्ट बोलला.

"तू तेव्हा गावाला गेलेलास ना? आई आजारी होती ना तुझी? फणस आणलेस तू. माझ्या पोरांनी खाल्ले ते."

बुधाजीने त्याचे ओठ वाचले. मग इतरांकडे बघितलं. मग माझ्याकडे. आपण काय केलं ते त्याला तेव्हा समजलं.

शामराव माझ्याकडे वळला. "आणि तू सांगितलेलंस आम्हाला, तो गावाला गेला म्हणून."

"हो," मी म्हटलं. "मी सांगितलं."

त्याच्या नजरेत माझ्यासाठीही काही चांगलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. तो पद्मजाला म्हणाला, "यादी थांबव. उद्या जाणार नाही. तेवीस नंबरचं सगळ्यांसमोर ठरेल." तो निघून गेला. त्याच्या मागे एकेक करून बाकीचे गेले. जाताना बुधाजीला कुणाचा खांदा लागला नाही, सगळे अंग चोरून गेले.

मला हसू आलं, कडवट. तासाभरापूर्वी माझी खोली ढापली जातेय हे शामरावला माहीत होतं आणि त्याचं काही बिघडलं नव्हतं. त्या एकोणीस दिवसांमुळे मात्र यादी थांबली. तुळसाचा संडास वाचला असला तर तो माझ्या खरेपणामुळे नाही, पंचवीस वर्षांपूर्वीच्या माझ्या खोटेपणामुळे.

पण ते सगळं नंतरचं. त्या वेळी मला दुसरंच लागलं होतं. बुधाजीने माझी खोली घेतली, ते मी गिळलं असतं की नाही मला माहीत नाही. पण मी मान खाली घातली तेव्हा त्याला वाटलं की मी त्याचं ते गुपित बाजारात मांडतोय. फणसांची गोणी त्याच्या हातात देणारा मी. खोली जात असतानाही ते माझ्या तोंडावर आलं नव्हतं. त्याला मी तसा वाटलो. म्हणजे इतकी वर्षं तो माझ्यासमोर बसून चहा प्यायचा तेव्हा मनात हेच धरून असणार, की हा कधीतरी सांगणार.

खोलीत आम्ही दोघेच उरलो. मी टेबलाखाली वाकून स्क्रू शोधला, लावला, झाकणावरून फडकं फिरवलं. पिशवी भरली. उठलो तेव्हा आरशात बुधाजी दिसला, माझ्या पाठीमागे उभा. या वेळी त्याला आरसा दिसला होता. तो आरशातून माझ्याकडेच बघत होता आणि त्याने तोंड उघडलं, मोठं, आवाज न काढता, साचेखात्यात उघडायचा तसं. ओठ पुढे आले. माझं नाव होतं ते.

पुढचं वाचायच्या आधी मी डोळे मिटले आणि चाचपडत दाराकडे गेलो. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.